तीनदा विकली गेलेली मॉडिकॉन: जुनं पीएलसी ठेवायचं की कंपनीच बदलायची?

रोह्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात देखभाल विभागात नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ड्रायर सेक्शनला मॉडिकॉन ९८४ पीएलसी (यंत्रं चालवणारा, प्रोग्रॅम बदलता येणारा नियंत्रक) आहे. सीपीयूवर गूल्डचं नाव, मॅन्युअलवर एईजीचं, नंतर बसवलेल्या कार्डांवर श्नायडरचं. एमसीसीत (मोटरींच्या स्विचगिअरचं पॅनल) काही काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) टेलिमेकॅनिकचे, काही एल अँड टीचे. मालक म्हणतात, ही कंपनी सारखी विकली जाते, उद्या परत विकली गेली तर स्पेअर कोण देणार? त्यापेक्षा कधीच विकली न गेलेली कंपनी बघा. त्यांना काय सांगू?"

मालकांची भीती खोटी नाही, फक्त ती भलत्या प्रश्नाला चिकटली आहे. कंपनी कुणाच्या खिशात आहे यावरून तुम्हाला कार्ड मिळेल की नाही हे ठरत नाही. तुमच्या पीएलसीच्या घराण्याला वारस आहे का, यावरून ते ठरतं. म्हणजे जुना प्रोग्रॅम आणि जुनी वायरिंग शक्य तितकी तशीच ठेवून पुढच्या मॉडेलवर जाता येतं का? मॉडिकॉनच्या बाबतीत याचं उत्तर बऱ्यापैकी 'हो' आहे. ते तसं का, हे मालकांना पटवायचं असेल तर तिची कुंडली थोडी उलगडावी लागेल.

आधी एक सांगून ठेवतो. तुमचा ड्रायर चोवीस तास चालतो की बॅचवर, किती आय/ओ (पीएलसीत येणारे-जाणारे सिग्नल) आहेत, वर्षातून किती दिवस शटडाऊन मिळतं, कपाटात राखीव सीपीयू आहे का, आणि मुख्य म्हणजे प्रोग्रॅमची प्रत कुणाकडे आहे का, यातलं काहीच प्रश्नात नाही. 'लगेच बदला' की 'अजून पाच वर्षं चालवा' हा निर्णय या गोष्टींवर ठरेल. पण 'कंपनीवर भरवसा ठेवावा का' याचं उत्तर त्याआधीही देता येतं.

गोष्ट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डची आहे. बेडफर्ड असोसिएट्स नावाची छोटी सल्लागार कंपनी मशीन टूलवाल्यांना नियंत्रण यंत्रणा करून द्यायची. दर गिऱ्हाइकाला जवळपास तेच काम नव्याने करायचं. या कामाला कंटाळलेल्या डिक मॉर्ली यांनी १ जानेवारी १९६८ रोजी एक टिपण लिहिलं: रिलेंच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या) जागी बसेल, कारखान्यात तग धरेल आणि वायर न बदलता ज्याचं काम बदलता येईल असा डबा. त्याच वर्षी जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभागही नेमकं हेच शोधत होता. तिथे गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंनी भरलेली पॅनलं एक तर नव्याने वायर करावी लागायची किंवा भंगारात घालावी लागायची. स्पर्धेत तिघे होते. डिजिटल इक्विपमेंट ही संगणक कंपनी, इन्फर्मेशन इन्स्ट्रुमेंट्स (जी पुढे ॲलन-ब्रॅडलीने घेतली) आणि मॉर्लींची मंडळी. जिंकलेल्या यंत्राचं नाव ०८४, कारण तो बेडफर्डचा ८४ वा प्रकल्प होता. ते यंत्र बनवायला वेगळी कंपनी काढली, ती मॉडिकॉन.

०८४ ला पंखा नव्हता, चालू-बंद करायचं बटणही नव्हतं. प्रोग्रॅम लॅडरमध्ये (शिडीसारख्या आकृतीत) लिहायचा, म्हणजे रिलेची ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो संगणक न शिकताही वाचता यायचा. हा निर्णय मला त्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षाही मोठा वाटतो. तुमच्या ड्रायरचा लॅडर आज एखाद्या आयटीआय झालेल्या मुलासमोर ठेवा, तासाभरात तो इंटरलॉक (यंत्र चालायच्या आधीची अट) कुठे अडतोय ते सांगेल. धंद्याच्या दृष्टीने मात्र ०८४ फार चाललं नाही. पैसा मिळवून दिला तो १९७३ च्या १८४ ने. ते मायकल ग्रीनबर्ग यांच्या हाताखाली तयार झालं.

इथून मालक बदलायला लागतात. तुमच्या मालकांना 'सारखी विकली' वाटते, पण मोजून तीन विक्र्या आहेत.

पहिली १९७७ ची, गूल्डला. गूल्ड मुळात बॅटरी आणि विद्युत सामानातली कंपनी. तिच्या वरच्या लोकांनी ठरवलं की आता आपण इलेक्ट्रॉनिक्स कंपनी व्हायचं. त्यासाठी त्यांनी जुने धंदे विकले आणि नवे घेतले. ते अंगाशी आलं. तोटा वाढत गेला आणि १९८८ मध्ये खुद्द गूल्डच जपानच्या निप्पॉन मायनिंगच्या ताब्यात गेली. पण याच काळात, गूल्डच्याच छत्राखाली, मॉडिकॉनने १९७९ मध्ये मॉडबस (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा) आणला आणि पुढे ९८४ मालिका काढली. वर मालक गटांगळ्या खात होता आणि खाली माणसं तिचा सर्वांत टिकाऊ माल घडवत होती. तुमच्या सीपीयूवर गूल्डचं नाव आहे ते या काळातलं.

दुसरी विक्री ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीच्या एईजीला. एमिल राथेनाऊ यांनी १८८३ मध्ये सुरू केलेलं हे बडं नाव, पण १९८२ मध्ये देणेकऱ्यांशी तडजोड करायची वेळ आलेलं, आणि १९८५ पासून डायमलर-बेंझच्या हाताखाली गेलेलं. डायमलरला तेव्हा मोटारींखेरीज विमानं, इलेक्ट्रॉनिक्स, सगळंच हवं होतं. दहा वर्षांत हौस फिटली आणि १९९६ मध्ये एईजी कंपनी म्हणून मोडीत निघाली. त्याआधी १९९४ मध्ये तिने ऑटोमेशनचा धंदा श्नायडरबरोबर भागीदारीत घातला होता. त्या काळातल्या कार्डांवर आणि पुस्तिकांवर 'एईजी श्नायडर ऑटोमेशन' असं जोडनाव सापडतं. क्वांटम ही मालिका त्याच १९९४ ची. भागीदारी फार टिकली नाही, दोन-तीन वर्षांत सगळं श्नायडरचं झालं. ही तिसरी विक्री. तेव्हापासून आजपर्यंत मॉडिकॉन तिथेच आहे, म्हणजे आधीच्या तिन्ही मालकांपेक्षा जास्त काळ.

श्नायडरही काही जन्मापासून पॅनलवाली नाही. १८३६ मध्ये श्नायडर बंधूंनी फ्रान्समधल्या ल क्रूझोचा लोखंडाचा कारखाना घेतला. मग पोलाद, रेल्वे इंजिनं, तोफा. १९८४ मध्ये त्यांच्या गटातली क्रूझो-ल्वार बुडाली आणि दिदिए पिनो-व्हॅलेन्सिएन यांनी गटाला विजेच्या सामानाकडे वळवलं. १९८८ मध्ये टेलिमेकॅनिक, १९९१ मध्ये अमेरिकेची स्क्वेअर डी, १९९२ मध्ये मर्लिन जेरिन. १९९९ मध्ये नाव झालं श्नायडर इलेक्ट्रिक. पुढे २०१४ मध्ये ब्रिटनची इन्व्हेन्सिस आली आणि तिच्याबरोबर फॉक्सबरो आणि वंडरवेअर. तुमच्याकडे वंडरवेअरचा इनटच स्काडा (प्लांट पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याचीही अशीच वारी झाली आहे. वंडरवेअर १९९८ मध्ये सीबेकडे गेली, सीबे आणि बीटीआर मिळून १९९९ मध्ये इन्व्हेन्सिस झाली, मग श्नायडर, आणि २०१८ पासून ॲव्हिवा. इतके मालक झाले तरी इनटच अजून विकत मिळतं.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. विक्रीनंतर धोका निर्माण होतो तो एकाच घरात सारख्याच कामाच्या दोन मालिका आल्या की. श्नायडरकडे टेलिमेकॅनिकची टीएसएक्स मालिका आधीपासून होती, फ्रान्समध्ये ती घट्ट रुजलेली. तिचं सॉफ्टवेअर पीएल७. त्यात मॉडिकॉनचं क्वांटम आलं, त्याचं सॉफ्टवेअर कॉन्सेप्ट. एका कंपनीने दोन मोठी पीएलसी आणि दोन सॉफ्टवेअर किती दिवस पोसायची? आधी युनिटी प्रो नावाच्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आणली. मग एम३४० आणि एम५८० ही नवी मालिका काढली. आणि हळूहळू प्रीमियम (टीएसएक्स मालिकेतलं) आणि क्वांटम दोन्हींना निरोप द्यायला सुरुवात केली. पाहणाऱ्याला वाटतं मॉडिकॉन जिंकली, कारण नाव तिचं राहिलं. पण नव्या मालिकेचं हार्डवेअर दोन्हींपेक्षा वेगळं आहे. म्हणून बातमीत 'अमुक कंपनीने तमुक कंपनी घेतली' असं आलं की मी किंमत बघत नाही. दोघांच्या यादीत एकमेकांवर पाय देणारा माल कोणता, ते बघतो. ज्याची गिऱ्हाइकं कमी, त्याच्या मालकाने स्पेअर भरायला घ्यावेत.

आणि 'कधीच विकली न गेलेली कंपनी' या उपायाबद्दल. सीमेन्सचं उदाहरण द्या मालकांना. नाव तेच, मालक तेच, कुणी विकत घेतलेली नाही. तरी १९७९ चं एस५ नव्वदच्या दशकाच्या मध्याला एस७ आल्यावर मागे पडलं. एस५ चा प्रोग्रॅम एस७ मध्ये टाकायला कन्व्हर्टर होता, पण त्याने सुटत नसे ते हाताने लिहावं लागायचं. महाराष्ट्रातल्या साखर आणि सिमेंट कारखान्यांमधल्या कितीतरी जणांनी त्यापायी रात्री जागवल्या आहेत. ॲलन-ब्रॅडली १९८५ मध्ये एकदाच विकली गेली, रॉकवेलला, सुमारे १६५ कोटी डॉलरना. तिचं १९८६ चं पीएलसी-५ त्यानंतर तीस वर्षं मिळत होतं. विक्री आणि आयुष्य यांचा संबंध लावायला गेलं तर असा गोंधळ होतो.

मग मॉडिकॉनचं घराणं का टिकलं? माझ्या मते दोन कारणं. एक, जगभर बसलेली यंत्रं. गिऱ्हाईक पीएलसी रोज बदलत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे मॉडिकॉन असेल त्याला पुढची वीस वर्षं स्पेअर, सेवा आणि शेवटी नवं मॉडेल विकता येतं. गूल्ड असो की एईजी, जाताना हाच ठेवा विकून गेले, आणि घेणाऱ्याने पैसे त्याचेच मोजले. अशी गिऱ्हाइकं हाकलून देणं कुठल्याच मालकाला परवडत नाही.

दुसरं कारण मॉडबस, आणि यावर जरा थांबतो, कारण तुमच्या कामाचा मुद्दा इथेच आहे. १९७९ मध्ये तो मॉडिकॉनने आपल्या पीएलसींना बोलतं करायला काढला. खुला होता, सोपा होता, म्हणून सगळ्यांनी उचलला. मीटरवाले, ड्राइव्हवाले, वजनकाट्यावाले, अगदी स्पर्धकसुद्धा. १९९९ मध्ये तो इथरनेटवर आला आणि २००४ मध्ये श्नायडरने तो एका स्वतंत्र संस्थेच्या हवाली केला. आज तो कुणा एका कंपनीच्या नशिबाला बांधलेला नाही. पण त्याच्या हाडात अजून ९८४ ची स्मरणरचना आहे. ४०००१ हा रजिस्टर (पीएलसीत आकडा ठेवायचा कप्पा) तारेवर शून्य क्रमांकाने जातो, म्हणून नवा माणूस हमखास एकाने चुकतो. एका वेळी १२५ रजिस्टरच वाचता येतात. दशांश आकड्याचा विचार तेव्हा झालाच नव्हता. म्हणून ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत तोडला की आधी वरचा अर्धा की खालचा, हे प्रत्येक उत्पादकाने आपल्या मर्जीने ठरवलं. तापमान अचानक अब्जावधी अंश दिसलं तर सेन्सर बदलायला धावू नका, आधी शब्दांचा, म्हणजे त्या दोन अर्ध्यांचा, क्रम उलटून बघा.

याचा तुम्हाला फायदा असा. तुमचा स्काडा, वेळेचे ट्रेंड, ऊर्जा मीटर हे सगळं रजिस्टरांच्या नकाशावर उभं आहे. उद्या सीपीयू बदललात, अगदी दुसऱ्या कंपनीचा घेतलात, तरी नव्या प्रोग्रॅममध्ये रजिस्टरांचा तोच नकाशा ठेवा. पडद्यावरची एकही खिडकी बदलावी लागत नाही. मी जुनं ९८४ बदलायचं काम घेतो तेव्हा पहिले दिवस सगळे या नकाशावर जातात: कोणता रजिस्टर कोण वाचतो, कोण लिहितो. गिऱ्हाइकाला वाटतं हा माणूस नुसता एक्सेल भरत बसलाय. पण चालू करायच्या रात्री त्याच एक्सेलने वाचवलेलं असतं.

इथवरचा सारांश मालकांसाठी असा: मॉडिकॉन तीनदा विकली गेली हे खरं, पण प्रत्येक घेणाऱ्याने तिची मालिका पुढे चालवली. तुमची अडचण ९८४ ची पिढी जुनी झाल्याची आहे. ती कुठल्याही कंपनीच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या पीएलसीला असते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळ्यात आधी प्रोग्रॅमची प्रत. ९८४ साठी मॉडसॉफ्ट हे डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर वापरलं जायचं, नंतर प्रोवर्क्स आलं. कारखान्यात एखादा जुना लॅपटॉप कपाटात असेल तर त्याला हात लावायच्या आधी त्याच्या डिस्कची प्रतिमा काढा. सीपीयूची बॅटरी बदलायची असेल तर पॉवर चालू ठेवून बदला, नाहीतर प्रोग्रॅम जाईल. प्रत नसताना ९८४ चालवणं म्हणजे शटडाऊनची तारीख दुसऱ्याच्या हातात देणं.

मग राखीव माल. सीपीयू आणि पॉवर सप्लाय आधी, आय/ओ कार्डं नंतर. जुन्या बाजारात दुरुस्त केलेली कार्डं मिळतात. ती घ्यायला माझी ना नाही, पण पॉवर सप्लाय घेतला तर त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेत का ते विचारा. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला 'कोरा' सप्लाय चालू केल्यावर दगा देतो, कारण कपॅसिटर वापरल्याने जसा खराब होतो तसाच पडून राहिल्यानेही. घेतलेलं कार्ड टेबलावर तरी दोन दिवस चालवून बघा, मगच कपाटात ठेवा.

बदलायची वेळ आली की श्नायडरच्या नव्या मालिकेत जुना ९८४ लॅडर चालवायची सोय आहे. युनिटी प्रोमध्ये (आता त्याचं नाव कंट्रोल एक्सपर्ट) एलएल९८४ ही भाषाच ठेवली आहे, म्हणजे नेटवर्क (लॅडरचे तुकडे) जसेच्या तसे दिसतात. पण शंभर टक्के भाषांतर होईल या भ्रमात राहू नका. संवादासाठीचे ब्लॉक, बाहेरून चढवलेले खास फंक्शन, काही पीआयडी (तापमानासारखी गोष्ट ठरल्या जागी राखणारे हिशेब) हे हातानेच लिहावं लागतं. पुरवठादार 'ऑटोमॅटिक कन्व्हर्जन' म्हणाला की त्याला तुमचा खरा प्रोग्रॅम द्या आणि न बदललेल्या ब्लॉकची यादी कोटेशनबरोबर मागा. ही यादी देणारा माणूस काम ओळखतो.

कंपनी बदलायची असेल तर बदलाही, त्यात पाप नाही. शेजारच्या प्लांटला सीमेन्स असेल, तुमच्या माणसांचा हात त्यावर बसला असेल, तर मीच सांगेन की सीमेन्स घ्या. रोह्यात मध्यरात्री पीएलसी बंद पडलं तर सोडवणारा माणूस किती अंतरावर आहे, हे पॅरिस किंवा म्युनिकच्या मालकीहक्कापेक्षा जास्त महत्त्वाचं. पण मग लॅडर नव्याने लिहिणं, तपासणं, ऑपरेटरना शिकवणं हा खर्च हार्डवेअरच्या वर धरा. तो बहुधा कुणी धरत नाही.

राहिला प्रश्न एमसीसीचा. एल अँड टी १९३८ मध्ये हेनिंग हॉक-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत उभी केली. पवई, अहमदनगर (आता अहिल्यानगर) अशा ठिकाणी बनलेलं तिचं स्विचगिअर महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या पॅनलांमध्ये सापडतं. तिचा इलेक्ट्रिकल आणि ऑटोमेशन विभाग श्नायडरने १४,००० कोटी रुपयांना घ्यायचं २०१८ मध्ये ठरलं, व्यवहार ३१ ऑगस्ट २०२० ला पूर्ण झाला. २०२४ पासून तो माल 'लॉरिट्झ क्नुडसेन' नावाने येतो. म्हणजे तुमच्या एमसीसीतले दोन्ही काँटॅक्टर आज एकाच घरचे आहेत, आणि मघाशी सांगितलेला एकमेकांवर पाय देणाऱ्या मालाचा प्रश्न इथे खरोखर उभा आहे. सध्या दोन्ही मालिका चालू आहेत. पण नवीन फीडर करताना मी एका एमसीसीत एकच मालिका ठेवतो, म्हणजे पुढे एक बंद झाली तरी अर्ध्या पॅनलचे राखीव काँटॅक्टर दुसऱ्या अर्ध्याला चालतात.

टेलिमेकॅनिकच्या नावाची तर फाळणीच झाली आहे. काँटॅक्टर श्नायडरकडे, टेसिस नावाने. लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी, प्रेशर स्विच हा सेन्सरांचा धंदा मात्र २०२३ मध्ये तैवानच्या यागिओकडे गेला, आणि तो टेलिमेकॅनिक हेच नाव लावतो. म्हणून खरेदीच्या कागदावर नुसतं 'टेलिमेकॅनिक' लिहू नका, पूर्ण कॅटलॉग क्रमांक लिहा. एलसी१-डी हा काँटॅक्टरचा क्रमांक सगळे मालक बदलूनही तोच राहिला आहे. त्याच्या शेवटची अक्षरं कॉइलचा व्होल्टेज सांगतात: एम७ म्हणजे २२० व्होल्ट एसी, एफ७ म्हणजे ११०, बीडी म्हणजे २४ व्होल्ट डीसी. तुमच्या जुन्या एमसीसीत कंट्रोल सप्लाय ११० असण्याची शक्यता बरीच आहे, आणि दुकानदार न विचारता एम७ देतो.